कचेरीपुरता फोटो

"सायेब, तुमचा खांदा कसा हाये?"

मी खळ्याच्या कडेला गुडघा टेकून बसलो होतो. कड्यामागून ऊन यायला पाच-दहा मिनिटं होती. ते आलं की वरईच्या राशीवर तिरपं पडणार आणि बायका झोडपायला लागल्या की भुसा त्या उन्हात चमकत उडणार, हे मी आदल्या दिवशीच हेरून ठेवलं होतं. पण बायका आल्याच नव्हत्या. आला तो काळू, पळत, अनवाणी.

"खांदा? बरा आहे. का?"

"मंग चला. मानूस कमी पडतंय."

काळू भांगरेच्या घरी मी चार दिवस उतरलो होतो. ही गोष्ट शहाण्णव सालच्या नोव्हेंबरातली. नाशिकला माझा छोटा स्टुडिओ होता. लग्नं-मुंजी करायचो आणि सवड मिळाली की डोंगरातल्या वाड्या हिंडायचो. त्या वर्षी एका कंपनीनं मला कॅलेंडरचं काम दिलं होतं. सह्याद्रीतलं रोजचं जगणं, बारा महिन्यांचे बारा फोटो. भोरदरा म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरात, कड्याच्या वरच्या अंगाला वसलेली एकवीस घरांची वाडी. वीज नाही, दुकान नाही, गाडीवाट नाही. माझ्या कामाला याहून चांगली जागा मिळाली नसती. तीन दिवसांत मी झऱ्यावरच्या बायका काढल्या, खुरासणीच्या पिवळ्या रानातली म्हातारी काढली, कौलांतून निघणारा चुलीचा धूर काढला. मी फार खुशीत होतो.

काळू तसा मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. चाळिशीचा, एकटाच राहायचा. बायको वारली एवढंच मला ठाऊक होतं. कशानं, ते मी विचारलं नव्हतं.

"झालंय काय?" मी त्याच्यामागे धावत विचारलं.

"बुधाची बायकू. पोर आडवं हाये म्हनती आई."

बुधा त्याचा धाकटा भाऊ. त्याची बायको चांगुणा आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, वाडीत लिहिता-वाचता येणारी एकमेव बाई. दोनच दिवसांपूर्वी मी अंगणात कॅमेरा उचलला तेव्हा ती पोटावर पदर ओढत आत पळाली होती. "माझा नका काढू, दादा. मी नुसती हंड्यावानी दिसते," असं दाराआडून म्हणून हसली होती.

आता बुधाच्या अंगणात एका जाड बांबूला घोंगडी बांधून झाली होती. काळू-बुधाची आई ठमाबाई पायरीवर बसून हात धूत होती. ती वाडीची सुईण. आपल्या हातावर किती पोरं जन्मली हे तिनं मला पहिल्याच संध्याकाळी नावांनिशी सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा चेहरा उजळला होता. आता ती मान वर न करता म्हणाली, "ह्ये माझ्या हातचं काम न्हाय. पानमोट आजून फुटली न्हाय. ती फुटायच्या आत खाली कातळगावला दवाखान्यात न्यायची. बोलत बसू नका."

वाडीतले बहुतेक गडी खाली जुन्नरकडे टोमॅटोच्या तोडणीला गेले होते. डोलीला आलटून पालटून खांदा द्यायला निदान सहा माणसं लागतात. होती ती तीन. काळू, बुधा आणि शेजारचा धवळा, तोही साठीचा. चौथा मी.

घोंगडीत आधी वाकळ घातली, मग बुधानं बायकोला उचलून तीत निजवलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते. मी निघताना कॅमेऱ्याची लहान पिशवी गळ्यात अडकवली. खरं सांगतो, विचार करून नाही. घराबाहेर पडताना चपला घालाव्यात तशी ती सवय होती. रंगीत फिल्मचा मोठा कॅमेरा काळूच्या घरीच राहिला, पिशवीत होता तो माझा जुना, कृष्णधवल फिल्मचा. ठमाबाईनं पिशवीकडे एकदा पाहिलं.

पहिला तासभर पठारावरची वाट होती. दोघं खांद्यावर, दोघं मोकळे, आणि ठमाबाई डोलीच्या बाजूनं, एक हात सुनेच्या पोटावर ठेवून. माझी पाळी आली तेव्हा पहिल्या शंभर पावलांत मला कळलं की आपला खांदा बरा वगैरे काही नाही. बांबू हाडावरच बसतो. पुढच्याचं पाऊल आणि आपलं पाऊल जुळलं नाही की डोली हिसकते, आणि डोली हिसकली की आतून आवाज येतो. तो आवाज ऐकला की आपोआप पाऊल जुळवायला शिकतो माणूस.

"सायेब, बुधाच्या टाचंकडं बघा," काळू मागून म्हणाला. "वर बघू नका. नुस्ती टाच."

मी टाच बघत चाललो.

पठार संपलं आणि नाळेचं तोंड आलं. दोन कड्यांमधून खाली उतरणारी दगडांची अरुंद घळ. चार दिवसांपूर्वी मी याच वाटेनं वर आलो होतो आणि तेव्हा तिच्यावर खूश होऊन निम्मी फिल्म संपवली होती. आता खालून बघण्यापेक्षा वरून बघताना ती वेगळीच वाटली. पावसाळ्यात सुटलेले दगड तसेच पडून होते. पुढच्या माणसावर सगळं वजन येत होतं म्हणून काळू पुढे झाला, मी मागे. बुधा डोलीला खालून आधार देत आडवा चालत होता आणि धवळा पायाखालचे सैल दगड बाजूला सारत होता.

निम्म्या नाळेत चांगुणाला मोठी कळ आली. तिनं घोंगडीची कड दातात धरली. कळ गेल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, मला माघारी न्या. मरायचंच तर घरी मरू द्या. त्या दगडापाशी नको."

ठमाबाई तिच्या तोंडावरचा घाम पुसत होती. तिचा हात थांबला.

"न्हाय नेनार माघारी," ती म्हणाली. मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता पुढे बोलली. "थोरलीच्या टायमाला मी दुपारपतोर वाट बघितली. वाटलं, फिरंल पोर. आपल्या हातानं कितीक फिरलीत. म्हंजी माझा ताठा नडला. सकाळीच काढली आसती तर..."

पुढे बांबू खांद्यावर घेऊन काळू उभा होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. तो वळला नाही. फक्त इतकंच म्हणाला, "चला."

मला तेव्हा समजलं, थोरली म्हणजे काळूची बायको. येसाबाई.

तो दगड नाळेच्या शेवटच्या वळणावर होता. खाटेएवढा सपाट, डोली टेकवण्याजोगी ती एकच जागा. पाच वर्षांपूर्वी येसाबाई तिथेच गेली होती. टेकायची कुणाचीच इच्छा नव्हती, पण धवळाच्या पायात गोळा आला होता. काळूनं डोली दगडावर टेकवली आणि स्वतः चार हात दूर जाऊन दरीकडे तोंड करून उभा राहिला.

मी पाणी प्यायलो. तोंड पुसून वर बघितलं आणि पुढे जे झालं ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. वरून नाळेत उजेडाचा एक पट्टा उतरला होता. त्यात ती डोली, वाकलेली म्हातारी, मागे ताशीव कडा आणि त्याच्यात दोऱ्यासारखी वर गेलेली वाट. एवढी रेखीव चौकट मला चार दिवसांत मिळाली नव्हती. माझा हात पिशवीत गेला, कॅमेऱ्यावर पडला आणि तिथेच थबकला. लाज वाटली. मी हात बाहेर काढला.

पण बुधानं पाहिलं होतं.

"काढू नका, सायेब," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ह्ये दावायचं न्हाय कुनाला. तुमी खांदा दिलात, तुमचं उपकार हायेत. पर ह्ये नको."

"नाही काढत. चुकलं माझं," मी म्हणालो.

तेवढ्यात डोलीतून आवाज आला.

"काढा."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. चांगुणा कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न करत होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले, ओठ चावून फुटलेला.

"पड गं, उठू नको," ठमाबाई म्हणाली.

"दादा, काढा तुमी. ही वाट येऊ द्या त्यात. आनि मी."

"येडी झाली का तू?" बुधा पुढे आला. "ह्या आवतारात? चारचौघांत जाईल तो फोटू!"

"चारचौघांत नको. कचेरीत." तिला धाप लागली होती, तुकड्यातुकड्यानं बोलत होती. "ताई गेली तव्हा आपुन आर्ज दिला. मीच लिवला व्हता ना? काय म्हनले ते? वाट झालेली हाये. कागदावर हाये. तुमी म्हनता न्हाय, कशावरनं? आता ह्ये न्या म्हनावं. ह्याच्यावरनं."

"तू आधी नीट हो. मंग बघू आर्जाचं."

"आनि नीट नाय झाले तर?"

बुधानं भावाकडे बघितलं. काळू अजून दरीकडे तोंड करून उभा होता.

"आवं, काम झालं की जाळून टाकू तो फोटू," चांगुणा नवऱ्याला म्हणाली. या वेळी आवाज अगदी मऊ होता. "मला तरी कुठं हौस हाये? पर नुस्ती डोली दावली तर म्हनतील कुनाची बी आसंल, कुठली बी आसंल. तोंड दिसाया पायजे."

काळू वळला. भावजयीच्या तोंडाकडे थेट बघायचं नाही अशी त्यांच्यात रीत, म्हणून त्यानं मान खालीच ठेवली होती.

"काढा, सायेब," तो म्हणाला. "तिचं बरुबर हाये. आन लवकर काढा."

बुधानं पाठ फिरवली. बांबू मात्र त्यानं सोडला नाही. एका हातानं बांबू धरून, तोंड कड्याकडे करून तो उभा राहिला.

मी कॅमेरा काढला. हातांना ओझ्याचा कंप होता. श्वास धरून बघितला, तरी चौकट हलत होती. फिल्मवर पाच फोटो उरले होते. चांगुणा सासूच्या खांद्याचा आधार घेऊन उठून बसली, पदरानं तोंड पुसलं, पदर डोक्यावर सारखा केला आणि सरळ भिंगात बघितलं. दुसऱ्या फोटोच्या वेळी कळ आली. मी कॅमेरा खाली घेतला. तिनं मानेनंच सांगितलं, थांबू नका. मी पाचही काढले. मग कॅमेरा पिशवीत टाकला आणि बांबूखाली खांदा घातला.

"दादा," खालून ती म्हणाली, "फकस्त कचेरीपुरता. बोला."

"फक्त कचेरीपुरता," मी म्हणालो. "शब्द देतो."

पुढचा दीड तास मला तुटक तुटक आठवतो. शेवटच्या उतारावर धवळा बसूनच राहिला. मग आम्ही तिघांनीच नेलं. कातळगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, नळीनं ठोके ऐकले आणि बाहेर येऊन ड्रायव्हरला हाक मारली. "हिला तालुक्याला न्यायला हवं, ऑपरेशनच लागेल. ठोके आहेत अजून. वेळेवर आणलंत." जीपमध्ये ठमाबाई आणि बुधा बसले. काळू आणि मी दवाखान्याच्या ओट्यावर राहिलो. माझ्या खांद्याचं कातडं सोललं होतं, ते काळूनं पाहिलं आणि आत जाऊन नर्सकडून मलम घेऊन आला. मलम लावताना तो म्हणाला, "येसा लई हसायची." बस, तेवढंच.

दुपारी चारच्या सुमारास जीप परत आली. ड्रायव्हरनं खाली उतरायच्या आधीच ओरडून सांगितलं, "पोरगी झाली! दोघी ठीक हायेत!"

काळूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

कॅलेंडरचं काम मी पुरं करून दिलं. कंपनीला फोटो आवडले, पुढच्या वर्षीचं कामही देऊ केलं. ते मी घेतलं नाही, पण त्याचं कारण तेव्हा मला नीट सांगताही आलं नसतं.

ते पाच फोटो मी घरी, माझ्या अंधाऱ्या खोलीत स्वतः धुतले. दोन हललेले होते. दोन बरे. पाचवा जेव्हा ट्रेमधल्या रसायनात हळूहळू उमटला तेव्हा मी खुर्चीवर बसलो. चौकट तिरकी होती, कडेला बुधाचा अर्धाच हात आला होता, स्टुडिओत शिकायला आलेल्याला मी अशा फोटोबद्दल बोल लावला असता. पण मधोमध ती होती. मागे ती वाट. वेदना चेहऱ्यावर होतीच, पण डोळे कुणाची कीव मागत नव्हते. जाब विचारत होते.

सव्वा महिना झाल्यावर आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. चांगुणा बाळंतपणानंतर कातळगावला माहेरी होती, तिथून आली. बरोबर काळू, बुधा आणि मी. पोरीला ठमाबाईनं तिथे येऊन सांभाळलं. तासभर बाकावर बसल्यावर आत बोलावलं. टेबलामागचे अभियंता नव्यानंच बदलून आलेले होते. त्यांनी अर्ज वाचला, फाइल मागवली, पानं उलटली.

"हे बघा," ते म्हणाले, "इथे नोंद आहे. त्र्याहत्तर सालच्या दुष्काळी कामातून कातळगाव ते भोरदरा वाट पूर्ण झालेली आहे. बैलगाडी जाईल अशी. असलेल्या रस्त्यावर परत रस्ता कसा मंजूर करणार?"

चांगुणानं पिशवीतून पाकीट काढलं आणि फोटो टेबलावर ठेवला.

त्यांनी तो उचलला. बराच वेळ पाहिला. "हे कुठलं?"

"तुमच्या कागदावरल्या वाटंवरलं," ती म्हणाली.

"आणि या बाई? यांचं पुढे काय झालं?"

"मीच ती."

त्यांनी फोटोवरून नजर तिच्याकडे नेली, पुन्हा फोटोकडे. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही उभ्या का आहात? बसा," ते म्हणाले. "बसा ना. पाणी आणा रे कुणीतरी."

आठ दिवसांनी ते स्वतः मोजणीची माणसं घेऊन भोरदऱ्याला चढले. काळूनं सांगितलं, नाळेत ते तीनदा बसले. त्या सपाट दगडापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, हाच का तो? काळू हो म्हणाला. तेव्हा त्यांनी पायातले बूट काढले आणि थोडा वेळ तिथे नुसते उभे राहिले.

म्हणून लगेच रस्ता झाला असं नाही. मंजुरीला वर्ष गेलं. मग निधी नाही, मग वनखात्याची परवानगी नाही, मग अभियंत्यांचीच बदली झाली. दर वेळी नव्या माणसापुढे चांगुणा तो फोटो घेऊन उभी राहिली. मी एकदा म्हणालो, बुधाला पाठवा, तुम्ही कशाला दगदग करता? ती म्हणाली, "तोंड जुळवून बघायला मी नको का?" साडेचार वर्षांनी नाळेला वळसा घालून, पलीकडच्या सोंडेवरून खडीचा रस्ता वाडीत पोचला.

त्याच सुमाराची गोष्ट. पुण्याचे तळवलकर नावाचे एक जाणते गृहस्थ दरवर्षी छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरवायचे. ते माझ्याकडे कामासाठी आले होते, तेव्हा टेबलाच्या खणात त्या फोटोची एक प्रत त्यांच्या हाती लागली. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले ते किती तरी वेळ.

"हा कुठे छापलायस?"

"कुठेच नाही."

"वेडा आहेस. लग्नं काढत बसलास आणि हा खणात ठेवलास? प्रदर्शनाच्या दारासमोरची भिंत तुझी. दिल्लीहून माणसं येतात. या एका फोटोनं तुझं नाव होईल, लिहून देतो."

मी म्हणालो, त्या बाईंना विचारून सांगतो. ते हसले. त्या डोंगरात कुणाला कळणार आहे, म्हणाले. खरंच होतं ते. कुणालाही कळलं नसतं. त्या आठवड्यात मी तसं न विचारताच देऊन टाकायचं दोनदा ठरवलं. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि लोक मला मुंजीचा फोटोग्राफर म्हणून ओळखत होते.

शेवटी गेलो. या वेळी जीपनं. पिशवीत प्रदर्शनाच्या परवानगीचा कागद होता आणि एका पाकिटात निगेटिव्ह. त्यातलं नेमकं काय बाहेर काढणार हे मला वाडी येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

चांगुणा चुलीपाशी होती. पोरगी मंजुळा आजीजवळ बसून वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तळवलकर काय म्हणाले तेही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तिथं कोन येनार बघाया?"

"शहरातली माणसं. मोठमोठी."

"ती बघून काय करनार?"

"बघतील... वाईट वाटेल त्यांना."

"मंग?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. ती रागावली नव्हती, खरोखरच विचारत होती. उत्तर मिळालं असतं तर कदाचित तिनं सहीही केली असती.

"दादा, तुमचं नाव व्हईल म्हनता," थोड्या वेळानं तीच म्हणाली. "तुमी आमच्यासाठी लई केलंत. तुमाला न्हाय म्हनताना माझी जीभ जड व्हती. पर मी त्यांना शब्द दिला व्हता. ते पाच वर्सं एका शब्दानं बोलले न्हायत. पर कचेरीत मी तो फोटू काढला का ते भाईर जाऊन उभं ऱ्हात. दर येळी."

मला ते आठवलं. कचेरीत शिरताना बरोबर असलेला बुधा, फोटो टेबलावर यायच्या वेळी कधीच आत नसायचा. मी समजत होतो, तो तंबाखू खायला जातो.

मी पाकीट काढून तिच्या हातात दिलं. आणलेल्या प्रतीही दिल्या. तिनं निगेटिव्हची पट्टी दाराच्या उजेडात धरली. काळं पांढरं झालेलं, पांढरं काळं. आपला चेहरा तिला सापडला की नाही, कोण जाणे. मग तिनं कचेरीत न्यायची आपली प्रतही आणली आणि चुलीपाशी वाकून एकेक करून सगळं आत टाकलं. फिल्म आक्रसली, उग्र वास सुटला. ठमाबाई खोकायला लागली. चांगुणानं नाकाला पदर लावला आणि अचानक तिला हसू आलं.

"आगं काय जाळती?" बुधा अंगणातून विचारत आत आला. चुलीत बघून तो जागच्या जागी थांबला. पाकीट अजून तिच्या हातात होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकून बसला, अगदी खांद्याला खांदा लागेल असा.

"च्या टाक," तो बायकोला म्हणाला. "सायेब लांबनं आल्यात."

मी निघताना चांगुणा जीपपर्यंत पोचवायला आली. मला राहवेना. विचारलं, "फोटो नाही दाखवणार कुणाला, आता दाखवायला उरलाही नाही. पण त्या दिवसाचं सांगितलं कुणाला, तर चालेल?"

ती रस्त्याच्या कडेला उभी राहून थोडा विचार करत राहिली.

"सांगा की," ती म्हणाली. "पर ताईपासनं सांगा. माझ्यापासनं नको. तिच्या येळेला तिथं कुनीच नव्हतं बघाया."

मी मान हलवली. जीप सुरू झाली.

सांगताना ते मला जमलेलं नाही, हे मला कळतंय. येसाबाईबद्दल मला फार थोडं ठाऊक आहे. ती या वाडीत नांदली, पाच वर्षं वाट पाहून तिला दिवस गेले होते, आणि ती लई हसायची.